कोरडा सांधा

कुंभकोणम्,
रविवार, २० जुलै २०२५

ती. चंद्रमौलीमामांना रंजनीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. अम्माचा गुडघा आता बरा आहे.

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली. ‘कयाकचा डावा सांधा सुटला आहे, तोच दुरुस्त करते’ असं लिहिलं होतं. ते खरं नाही. सांधा सुटलेला नाही.

काल मागच्या पडवीत तुम्ही बांधलेली ती लाकडी कयाक सुताराच्या दोन घोड्यांवर ठेवली आणि तुम्ही करायचात तसं आत पाणी भरलं. थेंब कुठे पडतात ते दिसावं म्हणून अम्माने खाली कोलमच्या रांगोळीचं पीठ पसरलं. आम्ही दोघी वाकून बघत बसलो. सांध्याखालचं पीठ कोरडंच राहिलं. थेंब पडले ते दोन बोटं अलीकडे, तळाच्या फळीखाली, एका ओळीत.

अम्माने सांध्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, “माझ्या भावाचं काम कोरडं आहे गं. चार वर्षं उगीच बोलणी खाल्ली त्याने.”

मी केरसुणी आणायला उठले.

अप्पा परवाच पाहुण्यांना सांगत होते, “आमच्या मेहुण्याची नाव म्हणजे अर्धी नदी बाहेर, अर्धी आत!” सगळे हसले. कॉफी देता देता मीही हसले.

आता नीट लिहिते. तुम्ही अप्पांना घेऊन गेलात आणि भर पात्रात नाव पाण्याने भरली, त्याच्या आदल्या दिवशी मी ती कुणाला न विचारता नदीवर नेली होती. परत आणताना एकटीला उचलेना, म्हणून घाटाच्या पायऱ्यांवरून ओढली. दगडावर तळ करकरला. उलटी करून पाहिली, तर लांब पांढरा ओरखडा. त्यावर खोबरेल चोळलं. तो दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी भिजलेल्या अप्पांसमोर तुम्ही म्हणालात, “माझाच सांधा कच्चा राहिला.” मी गप्प बसले. एकोणीस वर्षांची होते. लहान होते असं म्हणता येत नाही. रंधा, पटाशा माझ्याकडे ठेवून तुम्ही त्रिचीला गेलात आणि पुन्हा लाकडाला हात लावला नाहीत.

शाळेच्या आधी पाटीवर अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत. चुकलेलं पुसू द्यायचा नाहीत. त्यावर रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावायचात. मी मात्र तेल लावून पुसलं.

दुरुस्ती थांबवली आहे. फळी कापण्याआधी सगळ्यांनी बघायला हवी. हे पत्र टाकून आले की आधी अम्माला सांगेन. आडी अठराला, नदीच्या पूजेला, नेहमीप्रमाणे सगळे चित्रान्नाचे डबे घेऊन आपल्याकडे जमतील. नदीवर निघण्यापूर्वी मी त्यांच्यासमोर कयाकमध्ये पाणी भरीन, आणि थेंब पडायला लागले की तळ कुणी ओढला ते सांगेन. त्यातही अप्पांना आधी.

तुम्ही या, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण नवी फळी बसवताना दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

आडी अठरा, रविवार, ३ ऑगस्ट, सकाळी नऊ वाजता.

यातलं काही न पुसता,
तुमची रंजनी