गडबच्या खारीतील मधला बांध

मी, दिनानाथ पोशा म्हात्रे, वय एकोणऐंशी, गणिताचा निवृत्त प्राध्यापक, राहणार पेण, जिल्हा रायगड, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे हे येथे स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याची ग्वाही मीच देणे तर्काला धरून नाही. म्हणून डॉ. मृणाली यांनी मला आज तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या सांगण्यावरून मी लिहीत नाही. मला सांगणारे पुष्कळ होते. त्यांना मी ओटीवर चहा देऊन परत पाठवले.

१. मी अविवाहित आहे. धाकटा भाऊ जनार्दन हयात नाही. त्याची मुलगी वैशाली आणि मुलगा आदेश हे दोघेच माझे वारस. वैशाली गडबला माझ्या खारजमिनीच्या गावाकडील भागात भात लावते. आदेश धाटावच्या कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात त्याच जमिनीच्या खाडीकडील भागात तळे करून जिताडे मासे पाळतो.

२. पेणमधील घर व बँकेतील शिल्लक दोघांना समान. यावर वाद होणार नाही, कारण ते घर दोघांपैकी कोणालाच आवडत नाही.

३. माझी पुस्तके रोह्याच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवले तेथील ग्रंथालयास द्यावीत. माझे तेथील सहकारी हैबतराव यांना त्यांतील एकही देऊ नये. तीन त्यांच्याकडे आधीच आहेत. ती परत मागू नयेत; मात्र ती माझी होती, हे त्यांना कळवावे.

४. आता गडबची खारजमीन. हिच्यासाठीच हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे.

खाडीच्या बांधाला आमची उघाडी, म्हणजे पाणी जाण्याची मोरी, आहे आणि तिला लाकडी झडप आहे. भरतीचे पाणी झडपेला दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. झडपेवरचा दाब आणि झडपेची फट, या दोहोंपैकी एक नेहमी शून्य असते. माझ्या विषयात याला पूरकतेचा प्रश्न म्हणतात. असे प्रश्न सोडवण्याच्या पद्धतींवर मी चाळीस वर्षे काम केले. माणसाने हात लावला नाही तर झडप आपला प्रश्न दर भरतीला अचूक सोडवते.

गेल्या वर्षी हात लावला गेला. तळ्यात जादा खारे पाणी घ्यायला आदेशने उधाणाच्या भरतीला झडपेत ओंडका घातला. ते पाणी तळे आणि भातशेत यांच्या मधल्या बांधातून झिरपून पलीकडे गेले आणि वैशालीचे भात करपले. तिने मग झडप दोराने बांधून टाकली. पाऊस तुंबला, तळे फुटले, जिताडे खाडीला गेले.

मी दोघांना समोर बसवले.

“त्याला सांगा, आधी माझा भात भरून दे,” वैशाली म्हणाली.

“तिला सांगा, माझे जिताडे खाडीतून हाका मारून बोलव,” आदेश म्हणाला.

एका चटईवर बसून दोघेही माझ्याशीच बोलत होते. तेव्हापासून ती एकमेकांशी बोललेली नाहीत. हल्ली भांडणही नाही. झडप नुसती टेकलेली असावी, दाब शून्य आणि फटही शून्य, तशी ही अवस्था आहे. नियम तिथेही पाळला जातो. पण आमच्या बहुतेक पद्धती नेमक्या अशाच जागी रखडतात, हा माझा अनुभव आहे.

५. ही जमीन मी दोघांना सामाईक देतो. बाहेरील चतुःसीमा सातबाऱ्याप्रमाणे. मधल्या बांधाची जागा मी आखून देत नाही.

माझ्या वकील ॲड. मनाली यांनी यास हरकत घेतली. “सर, हद्द आधी लिहावी लागते. ‘हद्द उत्तरातून निघेल’ असं लिहिलेलं मृत्युपत्र मी आजवर पाहिलं नाही.” मी त्यांना सांगितले की काही प्रश्नांत हद्द हाच अज्ञाताचा भाग असतो; ती आधी ठरवली तर तो प्रश्नच राहत नाही, नुसती शिक्षा उरते. त्यांनी दोनदा वाचून मान्य केले.

६. बांधाची जागा पुढील पद्धतीने शोधावी. तो मातीचा असल्याने दर उन्हाळ्यात नव्याने घालावाच लागतो. त्या दिवशी दोघांनी स्वतः हजर राहावे. जो येणार नाही त्याचे म्हणणे त्या वर्षी धरू नये. मागील हंगामात बांधालगतचे भात करपले असेल तर बांध खाडीकडे सरकवावा. भात बांधापर्यंत हिरवे राहिले आणि तळे अपुरे पडले, तर गावाकडे सरकवावा. दोन्ही नसेल तर हलवू नये. उघाडीपासून वीस पावलांच्या आत आणि गावाकडील टोकाच्या पिंपळाच्या पलीकडे बांध जाऊ नये. हिशेबाने जात असेल तर हद्दीतील सर्वांत जवळच्या जागी ठेवावा. ज्या जागेवरून कोणत्याही मान्य दिशेला सरकून काही साधत नाही, तेच उत्तर.

सरकणे पहिल्या वर्षी दहा पावले, दुसऱ्या वर्षी दहाचा दुसरा हिस्सा म्हणजे पाच, तिसऱ्या वर्षी दहाचा तिसरा हिस्सा, याप्रमाणे. दरवर्षी आदल्या वर्षाच्या निम्मे-निम्मे करू नये. तसे केल्यास सगळी मिळून वीस पावलेसुद्धा पुरी होत नाहीत, आणि उत्तर त्याहून दूर असेल तर बांध वाटेतच थिजतो. हैबतरावांचे मत निम्म्याचे होते. “अहो दिनानाथ, जवळ तर गेलो ना!” असे ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले होते. कशाच्या जवळ, हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

७. झडपेस कोणीही, कोणत्याही कारणाने, हात लावू नये.

८. मसुदा वाचताना ॲड. मनाली यांनी विचारले, “सर, पाऊल कुणाचं? आदेश सहा फुटी आहे, वैशालीताई त्याच्या खांद्यालाही लागत नाहीत. हे लिहायचं राहिलं.”

राहिलेले नाही. आयुष्यभर मी प्रत्येक चिन्हाची व्याख्या आधी दिली आणि विद्यार्थ्यांकडूनही घेतली. ‘पाऊल’ या एका शब्दाची व्याख्या मी समजून-उमजून देत नाही, आणि माझ्यामागे वकील, तलाठी वा न्यायालय यांनीही ती देऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात, पहिले पाऊल टाकण्याआधी, ती वैशाली व आदेश यांनी बांधावर उभे राहून एकमेकांना विचारून ठरवावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि त्यात मला चूक आढळली नाही.

(सही) दिनानाथ पोशा म्हात्रे

आम्हां दोघांच्या देखत त्यांनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:
१. (सही) डॉ. मृणाली ठोंबरे, पेण
२. (सही) हासाजी एझ्रा पेणकर, शेजारी, पेण

स्थळ: पेण
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५