देवघरातली जपानी अक्षरं

निकू,

कीर्तनकार बुवा आज आपल्याकडे जेवाले आले होते, म्हणून भिंतीवरच्या तुह्या जपानी अक्षरांच्या चाळीस चिठ्ठ्या मी उतरवल्या. विद्या पायाखाली येऊ नये म्हणून देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं. काही अक्षरं पिवळी झाली, रागावू नको माय. झाडाले टेकलेला माणूस म्हणजे विसावा, हे तुह्यं अक्षर बुवांना इतकं आवडलं की आजच्या कीर्तनात ते सांगणार आहेत! मी तिकडेच चालली. पिठलं झाकून ठेवलं आहे. उद्या परीक्षा आहे, जेवून घोकत बस.

एक चिठ्ठी मात्र शोधू नको, ते अक्षर तुले पाठच आहे. छपराखाली बाई म्हणजे शांतता. ती माह्या बटव्यात आहे. तू जपानले गेल्यावर तुह्या बाबाच्या घोरण्यात मले तेवढीच शांतता राहीन.

आई