चौदा कोट आणि एक कार्ड

३ तारीख, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. जुन्या मापवह्या सगळ्या रद्दीत दिल्या, ही एक कोरी राहिली. आता मापं फोनच्या ॲपमध्ये! सूनबाईने परदेशी जाण्याआधी चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं बसून भरून दिली. जाड कागदांचा गठ्ठाही ठेवून गेली. एका बाजूला काहीबाही छापलेलं, पण कॉलरचं पेपर कटिंग, म्हणजे कागदी साचा, काढायला फर्स्टक्लास. गुणाची पोर.
बँडमास्तरची ऑर्डर आली. चौदा कोट. मापं ॲपमध्ये आहेतच. सोळा तारखेला मिरवणूक.

४, मंगळवार.
ॲप उघडेना. म्हणे वर्षभर फुकट होतं, आता पैसे भरा. भरतो की. पाच मिनिटांचं काम.

दुपारी.
फक्त क्रेडिट कार्ड चालतं. माझं एटीएम कार्ड घेत नाही. गल्ल्यात रोकड आहे, ती फोनमध्ये कुठून कोंबू? हेल्पलाइनवरच्या बाई फार गोड बोलल्या. अर्ध्या तासाने कळलं, रेकॉर्ड आहे.

५, बुधवार.
बँकेत गेलो. मॅडम म्हणाल्या, आजोबा, उत्पन्नाचा पुरावा? मी अंगातला शर्ट दाखवला, हा मीच शिवलाय. हसल्या. वय विचारलं. एकाहत्तर म्हटल्यावर हसायच्या थांबल्या.
बायको म्हणते सूनबाईला फोन लावा. कशाला? मी काय अडाणी आहे? सहावी पास आहे. त्या काळातली सहावी.

६, गुरुवार.
मोबाईलच्या दुकानात ॲप-स्टोअरचं गिफ्ट कार्ड रोखीने मिळतं. घेतलं. नंबरावरची चांदी खरवडायची असते. लोक नाण्याने खरवडतात. मी कात्रीच्या टोकाने. हाताला सफाई आहे.
मधले चार आकडे गेले.

७, शुक्रवार.
दुसरं कार्ड. नाण्याने. पैसे जमा! म्हटलंच होतं.

संध्याकाळी.
जमा पैशांतून ॲपची वर्गणी भरता येत नाही. गेम घेता येतात. बायकोने बदकांचा गेम घेतला.

९, रविवार.
ॲप गेलं खड्ड्यात. चौदाही मापं मला तोंडपाठ आहेत. बँड दौऱ्यावर आहे, पंधराला रात्री परत येणार. नसू देत समोर. नुसत्या आठवणीने बँडमास्तरचा कोट कापला. कात्री लोण्यातून गेल्यासारखी गेली.

११, मंगळवार.
बँडमास्तर कामाला म्हणून एकटाच येऊन गेला. ट्रायल दिली. बटण लागेना. मी म्हटलं, श्वास सोडा. म्हणाला, उस्ताद, माझं पोट श्वासावरच आहे. मी म्हटलं, तेच जरा जास्त झालंय. हसला नाही. शुक्रवारपर्यंत नक्की सांगा म्हणाला, नाहीतर समोरच्या रेडीमेडवाल्याकडून उचलतो.
ह्याच्या बापाचा कोट मी शिवलाय.
कोट उसवायला घेतला.

१२, बुधवार.
एटीएम कार्ड पुन्हा घातलं. बायकोचं घातलं. शेजारच्या डॉक्टरांचं मागून आणून घातलं. स्टोअर म्हणतं, फार वेळा प्रयत्न झाला, उद्या या. फोनला हात जोडले. दुकानात कोणी नव्हतं म्हणून.

१३, गुरुवार.
सूनबाईला फोन केला. सहज, ख्यालीखुशालीला. बोलता बोलता विषय निघाला. तिचं कार्ड तिकडचं, इकडच्या स्टोअरला चालत नाही. मग म्हणाली, बाबा, पण घाबरता कशाला? सगळी मापं छापून गठ्ठा दिला होता ना तुम्हाला!
दिला होता.
खुंटीवरच्या सगळ्या कागदी कॉलरी उतरवल्या. बायकोने जमिनीवर जुळवत वाचून दाखवल्या. छात्या सापडल्या. कंबरा कात्रीत गेल्या. बाह्या तिघांच्या आहेत, कोणाच्या ते कळत नाही. बायकोने तुकडे गोळा करून पिशवीत भरले.

१४, शुक्रवार.
बँडमास्तरला फोन केला नाही. त्यानेही केला नाही. म्हणजे ऑर्डर कायम.

१६, रविवार.
बँड दुकानावरून वाजत गेला. चौदाही कोट समोरच्या रेडीमेडवाल्याचे. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. क्लॅरिनेटवाल्याला भोकं सापडत नव्हती.
मिरवणूक संपल्यावर बँडमास्तर सगळ्यांना घेऊन आत आला. म्हणाला, उस्ताद, बाह्या तेवढ्या आखूड करून द्या. टेप गळ्यातच होता.
मापं ह्या वहीत उतरवतोय. चौदा माणसं, पानं पुरायला हवीत. रोजनिशी बंद.
बँडमास्तर: बाही साडेतेवीस. पोट विचारलं नाही.