दुपारचा मंगळ

१९ एप्रिल १९९३, सोमवार
पाय दुखतायत. दिवसभर खुर्चीत बसून पाय कसे दुखतात कळत नाही. लग्नसराई, दुकानात नुसती रांग. "जन्मवेळ?" एवढा एकच शब्द असतो मला बोलायला. तोसुद्धा गोपशेठ ओरडून परत विचारतात, कारण माझा आवाज काउंटरच्या पलीकडे जातच नाही. "अरे, ये लडकी कॉम्प्युटरसे बात करती है, आदमी से नहीं." रोजचा जोक. गिऱ्हाइकं रोज हसतात.

दुपारी शेठला विचारून ताईची पत्रिका काढली. विठ्ठलवाडीच्या स्थळाने मागितलीय. आमच्यात कुणाची कधी बनवलीच नव्हती. आईने वेळ सांगितलेली, ती टाकली, एंटर. शेठने ती गणिताची चिप बसवल्यापासून पत्रिका फटकन येते. आधी लोक खाली जाऊन चहा पिऊन यायचे.

मंगळ सातव्या घरात.

प्रिंटर करकर करत होता, मला वाटत होतं कागद अडकावा.

२० एप्रिल
आईने पत्रिका देवाजवळ ठेवली आणि बसून राहिली. म्हटलं, नाहीच दिली तर? ताई भाकरी थापत होती. तिकडूनच म्हणाली, "द्यायची तर आहे ती द्यायची. मागून कळलं तर मला तिकडे राहायचंय, तुम्हाला नाही."
राहायचंय म्हणाली. म्हणजे तिने धरूनच ठेवलंय.

मुलगा प्रकाश. अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो. दोनदा घरी येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ताईने त्याला विचारलं, साखर किती. या आधीच्या कुणाला तिने काही विचारलं नव्हतं.

२५ एप्रिल, रवि.
मामा वि.वाडीला जाऊन आला. मुलाला मंगळ नाही. त्याची आई घाबरते. "विचार करून कळवतो" म्हणाले.
मामा म्हणतो, कळवतो म्हणजे नाही असं लगेच समजायचं नसतं.
ताई तांदूळ निवडत होती. निवडून झालेले परत निवडले.

३ मे, सोम.
आज नको तेवढं झालं. एक म्हातारे मास्तर आले, मागच्या महिन्यात नातवाची पत्रिका नेली होती, त्यावर चहा सांडला म्हणून दुसरी पाहिजे. काढून दिली. त्यांनी चहावाली आणि नवी शेजारी शेजारी धरली. "पोरी, माझ्या नातवाचा शनी कुठे गेला गं?"
सगळे हसले. शेठ म्हणाले, "नींद में टाइप करती है क्या?"
वेळ मी बरोबरच टाकलेली. तीच वेळ, तेच गाव. ते सांगायला तोंड उघडलं आणि नाही जमलं. शाळेत पण असंच व्हायचं, उत्तर येत असायचं तरी. नववीत बाबा गेले आणि शाळा सुटली तेव्हा आई रडली. मला मनातून सुटल्यासारखं झालं होतं, ते कुणाला सांगितलं नाही.
मागच्या गल्लीत जाऊन रडले. मग परत येऊन जन्मवेळ, जन्मवेळ.

४ मे
सकाळी लवकर जाऊन दुकान मीच उघडलं. मशिन गार होतं. ताईची वेळ टाकली. मंगळ सहाव्यात! सहावा म्हणजे मंगळ नाहीच.
अकराला परत टाकली, सहावा. दुपारी पंखा गेला, डब्याला हात लावला तर चटका. टाकली. सातवा. लगेच परत. आठवा.
एकच बाई, एकच वेळ.

बोलता येईना म्हणून चारही कागद शेठच्या समोर नेऊन ठेवले. "गरमी मशिन को नहीं, तेरे दिमाग को लगी है." मी तशीच उभी. मग त्यांनी गंमत म्हणून स्वतःची जन्मवेळ टाकायला लावली. त्यांचा गुरू, ज्याच्यावर सगळा धंदा चाललाय म्हणतात, तो भलत्याच घरात. परत टाकायला लावली. तिसऱ्याच घरात. शेठचा चेहरा उतरला.
"हरीश को फोन लगा. अभी के अभी."

६ मे, गुरु.
हरीश मेकॅनिक आला. तोंडात पान, बारीक, सारखा गुणगुणतो. डबा उघडून चिपला बोट लावलं आणि झटकलं.
शेठ: "चिप खराब है तो मशिन बोलता क्यों नहीं?"
हरीश: "किसको मालूम है जो बोलेगा? मशिन चलानेवाला डॉस तो देखता भी नहीं. प्रोग्राम सुरू होते टाइम एक बार पूछता है, चिप है क्या? ये बोलती है, हां जी, हूं. बस. फिर दिन भर भरोसा."
"मर जाती तो अच्छा था शेठ. मरी हुई जवाब नहीं देती, तो प्रोग्राम समझ जाता, खुद गिन लेता, धीरे धीरे. ये अधमरी है. हां भी बोलती है और गलत भी गिनती है."

चिप उपटली तर तिचे बारीक पाय मोडतील, मग बदलून मिळणार नाही, म्हणून काढली नाही. मशिन चालू होताना जी फाइल चालते तिच्यात त्याने एक ओळ घातली. NO87, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे आपल्याला पाहिजे ते. ती ओळ असली की प्रोग्राम चिपला विचारतच नाही. पुढे जे लिहू ते स्क्रीनवर दिसतं. त्याने लिहिलं, BIMAR HAI.
ओळ कशी घालायची ते मला दाखवलं. शेठला पण.

मग मी शेठला हळूच विचारलं, चिप बसवल्यापासून ज्यांनी पत्रिका नेल्या त्यांचं काय. जन्मात पहिल्यांदा त्यांना एवढं लांब वाक्य बोलले.
"किसीको बोलना नहीं."

७ मे
पत्रिकेला वेळ लागतो आता. लोक कुरकुरतात. मला बरं वाटतं, स्क्रीनकडे बघत बसता येतं.
ताईची सकाळी काढली, दुपारी काढली, दुकान बंद करताना काढली. सहावा, सहावा, सहावा.
आईने देवापुढे गूळ ठेवला. ताईने केस धुतले.

९ मे, रवि.
मामा नवी पत्रिका घेऊन वि.वाडीला गेला होता. आला तो चप्पल पण न काढता खाटेवर बसला. प्रकाशची आई काय म्हणाली ते त्याने सगळं सांगितलं, नसतं सांगितलं तरी चाललं असतं.
"पहिली पण त्याच दुकानातली, दुसरी पण त्याच दुकानातली. आणि तिथे कॉम्प्युटरवर बसतं कोण? नवरीची बहीण. मशिनला ताप येतो होय? आणि बरा आमच्याच वेळेला उतरला!"
मामा म्हणाला, बदलापुरात गुरुजींकडून हाताने करून आणतो. त्या म्हणाल्या, "आज तिसरी आणाल, उद्या चौथी. तुमच्याकडची एक पण नको." मामा म्हणाला, मग तुम्हीच करा, वेळ देतो. "वेळ तरी खरी द्याल कशावरून?"
प्रकाश घरात होता का, आईने विचारलं. होता. काय म्हणाला? काही नाही. खाली बघत होता.

भांडी घासताना ताई माझ्याजवळ येऊन बसली. "खरं सांग. तू काही केलंस का? माझ्यासाठी म्हणून? रागावणार नाही मी."
नाही म्हटलं. तिने मान हलवली. पण बघत राहिली माझ्याकडे.
तिला पण खरं नाही वाटत. मग बाहेरच्यांना काय बोलायचं.

१२ मे
काही नाही. अंग मोडून आलंय. आई म्हणते, सुट्टी घे. घरी बसून तरी काय करू. घरी ताईचं तोंड दिसतं.

१५ मे, शनि.
नीट लिहिते, नाहीतर उद्या वाटेल असं झालंच नाही.

सकाळी मशिन चालू केलं तर BIMAR HAI आलं नाही. शेठने काल ओळ काढून टाकलेली. शनिवार, मुहूर्ताचे दिवस, रांग जिन्यापर्यंत. "दो दिन चलने दे. पंखा लगाया है ना ऊपर." सकाळ आहे, गार आहे, असं मनात म्हणत काढत राहिले. ऊन वर आलं तरी काढत राहिले.

तीनच्या सुमाराला प्रकाश आला. कामावरून तसाच, हात काळे. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर ताईच्या दोन्ही पत्रिका काउंटरवर ठेवल्या. "माझ्यासमोर काढ. आईला माहीत नाही मी आलोय."
वेळ त्यानेच कागदावरून वाचून सांगितली. मी टाकली. एंटर दाबला. फटकन आली. आठवा.
त्याने आठवा बघितला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.
"म्हणजे..." तो म्हणाला.
"थांबा," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने की रांगेतले सगळे वळले. माझाच आवाज आहे का हा, असं झालं मला.

बाहेर पडले प्रोग्राममधून, फाइल उघडली, ओळ घातली, मशिन बंद करून चालू केलं. शेठ ओरडायला लागले, "क्या कर रही है! लाइन लगी है!" प्रकाश माझ्या बोटांकडे बघत होता. मला कळत होतं हे कसं दिसतंय. पोरीने काहीतरी लिहिलं आणि मंगळ सरकला. त्याच्या आईने सांगितलं होतं तस्संच. पण दुसरं काय करायचं होतं? तशीच देऊन टाकायची?

हळूहळू आली. सहावा.
"मध्ये काय लिहिलंस?"
सांगितलं. सगळं. चिप गरम होते, हो म्हणते आणि चुकीचं मोजते. मशिन सुरुवातीला एकदाच विचारतं, नंतर तपासत नाही. ही ओळ घातली की तिला विचारायचं सोडून स्वतः मोजतं. मास्तरांचा नातू पण सांगितला. मध्ये दोनदा अडकले. त्याने वाक्य पुरं करून दिलं नाही, थांबला. ते बरं केलं.
मग म्हणाला, "आमच्याकडे माप तपासायचा गेज घासला की आधी तो बाजूला काढतात."
मी मान हलवली.
"आणि त्या गेजने पास केलेला माल?"
मी शेठकडे बघितलं. शेठ कॅलेंडरकडे. सकाळपासून थांबलेली एक बाई, मुलीची पत्रिका घेऊन जिन्यापर्यंत गेलेली, ती परत वर आली. "म्हणजे ही खोटी का गं?" मी हात पुढे केला आणि तिची परत काढायला घेतली. मग तिच्या मागचा पण वर आला.

प्रकाश दोन्ही नव्या पत्रिका घेऊन गेला. आठवा पण, सहावा पण. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. जाताना काळ्या बोटांचे डाग कागदाला लागतील म्हणून कडेने धरल्या होत्या.

शेठ कुलूप लावताना म्हणाले, "सोमवार को बात करेंगे." म्हणजे काय ते कळतंय.
घरी आल्यावर आई देवळात. ताईला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, जेवलीस का.

१६ मे, रवि.
पहाटे नळावर ताई आणि मी. पाणी बारीक. आमच्या बेलवलीत रविवारी नेहमीच बारीक.
ताईने मधेच विचारलं, "त्याचा चेहरा कसा होता?"
"दमलेला."
"रागावलेला नाही?"
"दमलेलाच."
हंडा भरत होता. तिने कान लावला, आवाज बदलतो का ते ऐकायला.
"दोन्ही कागद नेले म्हणालीस."
"दोन्ही."
"म्हणजे स्वतःसाठी नेलेत. त्याच्या आईला दाखवायचं असतं तर एकच नेला असता."
"कुठला?" मी विचारलं.
ताईने चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा उचलायला मला खूण केली. मी हात लावला. ती निघाली, आणि नळाखाली माझी कळशी लागली.