टेबलामागच्या दोन तारा

२८ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

परगावच्या नोकरीचं वाचून ऊर भरून आला. उपकरणं जुळवायला तुझ्याइतकं चिकट माणूस त्या कारखान्याला शोधून मिळालं नसतं. आईला इतक्यात सांगायचं नाही म्हणतेस, तर माझ्या पोटात राहील. पण एका नेमणूकपत्रासाठी टेबलाच्या खणाला विजेचं कुलूप म्हणजे कमाल झाली तुझी.

कुलपातल्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेच्या खिट्टीला, वीज मिळते तेवढाच वेळ तिचा दांडा आत ओढला जातो आणि खण उघडतो. आकडे दाबल्यावर दोनच सेकंद वीज जाऊ दे, जास्त दिलीस तर आतल्या तारेची कॉइल जळेल. आणि तुझा प्रोग्राम कधी अडलाच, तर खण फोडावा लागू नये म्हणून कॉइलच्या दोन तारा टेबलामागून बाहेर काढून ठेव. बारा व्होल्टची बॅटरी टेकवली की उघडेल. भिंतीच्या बाजूला कोण बघायला जातंय?

पत्रासोबत आलेला स्वीकृतीचा फॉर्म द्यायची शेवटची तारीख तेवढी कळव.

आहे ती माया वाढती राहो.

तुझा दादा

१६ मार्च

ति. दादास शिरसाष्टांग नमस्कार.

सगळं हातचं गेलं. पंधरा शेवटची तारीख म्हणून चौदाला सकाळच्या गाडीने जाऊन फॉर्म स्वतः देणार होते. आकडे दाबले तर कुलूप ढिम्म. जळकट वास येत होता. पेचकसाने खण उचकटला. कॉइल काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं आणि पत्र फॉर्मसकट गायब. कारखान्यात फोन केला, तर सही केलेल्या फॉर्मशिवाय चालणार नाही म्हणाले. आज ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली.

दोन दिवस प्रोग्राम ओळ न् ओळ तपासते आहे. कुठे चुकले ते तूच सांग.

तुझी ठकी

२१ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

वाचून वाईट वाटलं. प्रोग्राममध्येच काहीतरी राहिलं असणार, पहिल्या खेपेला होतं असं. पत्र पसाऱ्यात कुठेतरी सापडेल. झालं ते एका परीने बरंच झालं म्हण. आईला या वयात एकटं टाकून जाणं तुझ्या जिवाला लागलं असतं. नवीन सोलेनॉइड मी पाठवतो.

लोभ आहे तसाच ठेव.

दादा

२६ मार्च

दादा,

सोलेनॉइड पाठवू नकोस.

नेमणूकपत्र कधी आलं होतं ते पाहायला कॅलेंडरचं मागचं पान उलटलं. आई प्रत्येक फोन त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवते, हे तू विसरलास. पंचवीस फेब्रुवारीला तिच्या अक्षरात लिहिलंय, थोरल्याचा फोन, ठकीच्या खणामागे दोन तारा निघतील, स्कूटरची बॅटरी लावायची. तारा काढायचं तू मला कळवलंस त्याच्या तीन दिवस आधी.

मी विचारल्यावर आईने सगळं सांगितलं. मागे तारा धरायच्या आणि पुढून खण ओढायचा, हे तिला एकटीला जमेना. मग तिने तारा बॅटरीला बांधूनच टाकल्या आणि सावकाश कागद चाळून पत्र आणि फॉर्म काढून घेतले. दोन सेकंदांचं तू तिला सांगितलंच नव्हतंस. एकटं राहायची भीती वाटते म्हणाली आणि रडली. तिच्यावर मी रागावले, तरी तिचं मला कळतं. तुझं कळत नाही. मी गेले असते तर आई तुझ्याकडे राहायला आली असती, एवढंच ना? तसं मला लिहायचं होतंस. मी भांडले असते, पण तुला परका मानलं नसतं.

त्या तारा टेबलामागे ओवताना टॉर्च आईनेच धरला होता. दादाला माझी किती काळजी, असं मी तिला कौतुकाने म्हणाले. तिने टॉर्च तेवढा जरा जवळ धरला.

ठकी