काचेवरचे थेंब

गुरुवार, दिवेलागण

भाचीने नागपूरहून दोन छोटे कॅमेरे पाठवलेत, त्यातला एक ठेवायचा. धाकटे दीर म्हणाले, कपाशीच्या पऱ्हाटीतून फिरवू, अळी कुठवर चढली तेही दिसेल. म्हणून आमच्या शेतात मजुरीने फवारणीला निघालेल्या रहमानभाईंच्या छातीवर दोन्ही बांधले.

एक प्लास्टिकच्या डबीत बसणारा. कडी घट्ट, रबर चांगलं, पण ओल्या बोटांनी बटण दाबलं जात नाही. दुसरा बिनडबीचा, पाण्याला न भिणारा, हलका. पण त्याचा चिमटाच मोडला. धुऱ्यावर, बांधाच्या दगडावर आपटूनही चालू राहिला, हे मानलं पाहिजे. तरी ठेवायचा तो टिकाऊ डबीवालाच.

मग चित्रण पाहिलं. पऱ्हाटी डोक्याच्या वर, वारा समोरून. थोड्याच वेळात दोन्ही काचा औषधाच्या थेंबांनी भरल्या. पुढे नुसते थेंब. छातीवर एवढे, तर तोंडावर किती?

रहमानभाई लाल डोळे चोळत हसले. "बाई, याले डबी हाये, मले दुपट्टा." दुपट्टा ओलाच होता.

"चष्मा, मास्क येईस्तोवर फवारणी बंद," मी म्हटलं.

दीर उसळले. "वहिनी, अळी काय तुमच्या चष्म्यासाठी थांबून राह्यली?"

"खाऊ द्या तिला."

बोलले खरी. पण जाताना रहमानभाई म्हणाले, उद्या शेजारच्या वावरात फवारायला बोलावलंय. तिथे माझं कोण ऐकणार?

डबीवाल्याची काच अजून पुसलेली नाही. पुसणारही नाही. सकाळी फवारणीआधी शेजाऱ्याच्या दारात उभी राहते आणि ते थेंब त्याला दाखवते.