चार बोटं सरकलेली नळी

आई, काल आमच्या आयसीयूत एका आजोबांच्या नाकातली नळी सरकली. तशा नळ्या रोजच सरकतात. माणूस खोकतो, कूस बदलतो, अर्धवट शुद्धीत हात नाकाशी नेतो, आणि पोटात असायला हवं ते टोक भलतीकडे जातं. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. नाकावरची पट्टी तशीच, माणूसही तसाच पडलेला. म्हणून नळी घातली आणि एक्स-रेत ती पोटात दिसली की नाकपुडीशी जिथे ती आत शिरते तिथे निळ्या मार्करने खूण करायची, आणि दर वेळी अन्न सोडण्याआधी ती खूण बघायची. खूण नाकपुडीला चिकटून असेल तर पुढे जायचं. बाहेर आलेली दिसली तर काही सोडायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि इतकं घोटून घेते की माझ्या मागे त्या मला ‘निशानीवाळां बेन’ म्हणतात. मी ऐकलं नाही असं दाखवते.

काल सकाळी पादरा गावची एक मुलगी ड्यूटीवर होती, चारच महिन्यांपूर्वी लागलेली. फीडची वेळ झाली तशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तोंड एवढंसं झालेलं. “बेन, माराथी नळी खेंचाई गई,” म्हणाली. आजोबांचं अंग पुसायला त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा नळी ओढली गेली, आणि घाबरून तिने ती स्वतःच परत आत सरकवली. मग पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, सिरिंजने नळीतून हवा सोडून पाहिली, गुडगुड आवाजही आला. “पण निशानी बहार हती, बेन. में जोई हती. मने बीक लागे छे.” खूण बाहेर होती, भीती वाटते, एवढं बोलून ती रडायलाच लागली. मी तिला खुर्चीत बसवलं, फीड थांबवलं आणि एक्स-रेचं मशीन खाटेशी मागवलं. आता आमच्याकडे नवी सोय आली आहे. फोटो निघाला की कॉम्प्युटर नळीच्या वाटेवर रंगीत रेघ ओढतो, आणि टोक चुकीच्या जागी वाटलं तर डॉक्टरांच्या फोनवर लगेच इशारा जातो. कालची रेघ पोटाकडे गेलीच नाही. उजव्या फुप्फुसात जाऊन थांबली होती. आजोबांना साधा ठसकासुद्धा लागला नव्हता. नळी काढली, नवी घातली, दुपारी त्यांना फीड मिळालं, आणि संध्याकाळी नात भेटायला आली तेव्हा ते हसले. डॉक्टरांनी त्या मुलीला आधी झापलं आणि मग पाठही थोपटली.

मी मात्र सुटी झाल्यावर गोत्रीला घरी येईपर्यंत रिक्षात रडत होते. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, “बेन, घरमां कोई गुजरी गयुं?” मी हो म्हणाले. तुला जाऊन चौदा वर्षं झाली आहेत, हे त्याला कशाला सांगायचं?

मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तू सयाजीगंजातल्या दुकानातून मोठ्या सेकंदकाट्याचं घड्याळ आणलं होतंस. “नाडी मोजताना दुसऱ्यापाशी घड्याळ मागायचं नाही,” म्हणालीस. नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, आपल्या घरात कारकुनी आणि मास्तरकी चालत आलेली, ही मुलगी लोकांचे बेडपॅन उचलणार. तू त्यांना चहा दिलास, चिवडा दिलास, आणि म्हणालीस, “उचलेल की. तुमचाही उचलेल, वेळ आली तर.” वेळ पहिली तुझ्यावर आली. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, गिळणं थांबलं, बोलणं इतकं जड झालं की बाबांनाही समजेना. दवाखान्यातून घरी आणलं ते नाकात नळी घेऊनच. तुला घरी फीड मीच देणार, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको, हा माझा हट्ट. बारा वर्षांची नोकरी झालेली होती माझी, त्याची घमेंड होती.

तू डाव्या हाताने पाटीवर लिहायला शिकलीस. तिरपी, मोठाली अक्षरं. तुझी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी लावली होती, तूच तसं लिहून मागितलं होतंस. आत मी फोडणी करते आहे आणि बाहेरून पेन्सिल पाटीवर आपटल्याचा आवाज येतो. जाऊन बघते तर पाटीवर ‘जळली’. आणि खरंच मोहरी जळालेली असते. एक थेंबही तुझ्या जिभेवर जात नव्हता, तरी घरातल्या आमटीचं मीठ तू वासावरून ओळखायचीस. मी चिडायचे. आता कुणी माझी फोडणी जळली म्हणत नाही.

चैत्र लागला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू या वर्षी राहू दे, असं बाबा म्हणाले, तर तू दोन दिवस पाटी हातात धरली नाहीस. मग मीच सोसायटीतल्या बायकांना आमंत्रण दिलं. त्या दिवशी दुपारी तू पाटीवर लिहिलंस, ‘नथ’. मी हसले. म्हटलं, आई, एका नाकपुडीत नळी आणि दुसरीत नथ, शेजारणी घाबरून पळतील. तू पाटी पुसलीस आणि पुन्हा तेच लिहिलंस, आणखी मोठं. नळी बसवून ठेवणारी पट्टी नाकावर आडवी होती, तिच्याखाली नथ बसेना. मग मी ती पट्टी सोडवली आणि दुसरी, तुला आवडेल अशी छोटीशी, गालावर लावली. नथ घातली. तुला उठवून बसवलं, अंबाडा घातला, हिरवी साडी नेसवली. या सगळ्यात कधीतरी नळी ओढली गेली. पदर पिनेने लावताना माझं लक्ष गेलं, तर निळी खूण नाकपुडीपासून चांगली चार बोटं बाहेर.

मला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. फीड बंद, गाडी काढायची, दवाखान्यात नेऊन एक्स-रे. पण पाच वाजत आले होते. गौर मांडून झाली होती, आंबेडाळीची डाळ भिजली होती, तू इतक्या महिन्यांनी आरशात बघत होतीस. मी नळी हाताने परत आत सरकवली. खूण नाकपुडीशी आणली. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवा सोडली, आवाज ऐकला, आणि स्वतःला सांगितलं की झालं, जागेवर आहे. तो आवाज फसवतो, नळी फुप्फुसात असली तरी पोटावर ऐकू येतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी मला ते आठवायचं नव्हतं. तू पाटीवर लिहिलंस, ‘पन्हं’. मी कैरीचं पन्हं तुझ्या पद्धतीने मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं, कोमट केलं आणि मोठ्या सिरिंजमधून सोडलं.

बायका आल्या, तुझ्यापुढे वाकून नमस्कार करून गेल्या. “काकू किती छान दिसतायत,” असं सगळ्या म्हणाल्या. सात वाजेपर्यंत तुझा श्वास वाजायला लागला. बाबांनी गाडी काढली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सिस्टर, नळी हलली होती का?” त्यांनी मला सिस्टर म्हटलं, हे बघ. मी नाही म्हणाले. खूण जागेवर होती, मी तपासली होती, असं म्हणाले. कधीकधी पोटातलं उलटून छातीत जातं, असं काहीतरी ते बोलले आणि कागदावर लिहायला लागले. पाचव्या दिवशी तू गेलीस.

माझ्या पोटात हे चौदा वर्षं आहे, आई. मी वॉर्डात एवढी कडक का झाले, हे कुणाला माहीत नाही. लोकांना वाटतं शिस्तीची आहे. कालच्या त्या पोरीने चार महिन्यांच्या नोकरीत जे केलं ते मला बारा वर्षांच्या नोकरीनंतर जमलं नाही. तिलाही ओरडा खायची भीती होती, नोकरी जाईल अशी भीती होती, तरी ती येऊन बोलली. माझी तर आई होती नळीच्या दुसऱ्या टोकाला.

हे पत्र मी खरं तर बाबांना वाचून दाखवायचं ठरवून लिहायला घेतलं. ते आता शहाऐंशीचे आहेत, पलीकडच्या खोलीत क्रिकेट लावून बसले आहेत आणि दोनदा चहासाठी हाक मारून झाली आहे. पण ते ऐकणार कसे? चैत्र आला की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते तुझी गोष्ट सांगतात. “नथ घालून, पन्हं घेऊन गेली. तिची एकही इच्छा राहिली नाही. आणि पन्हं घेताना पोरीचा हात असा घट्ट धरला होता, सोडतच नव्हती. मी दारातून पाहिलं ना.” हे सांगताना त्यांचे डोळे भरतात, आणि नंतर दोन दिवस ते नीट जेवतात, नीट झोपतात. तेवढं त्यांच्याकडून काढून घ्यायचा धीर मला होत नाही. पत्र मी माझ्या कपाटात ठेवणार आहे.

तुला मात्र सांगते. अर्धं पन्हं गेलं होतं तेव्हा तू माझं मनगट धरलंस. डाव्या हाताने, नखं रुतली इतकं. तू मला थांबवत होतीस. ते मला तेव्हाच कळलं होतं, आई. दारावरची बेल वाजली होती, सिरिंजमध्ये थोडंच उरलं होतं, आणि मी तुझी बोटं एकेक करून सोडवली आणि उरलेलंही सोडून दिलं.